अडचणीचा कागद आधी आपणच सांगूया



चतुर्थी पंधरा दिवसांवर आली. कोणाची खळी सारवून झाली असतील, कोणी माटवीच्या सामानाची यादी करत असेल. चार दिवसांत मुंबईचे चाकरमानी येतील, बंद घरे उघडतील, भजने होतील. याच दिवसांत आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. आरती झाली, जेवणे झाली की कोणीतरी पिशवीतून कागद काढतो आणि म्हणतो, "वहिनी, इथे जरा सही कर. सगळ्यांनी केलीय." सगळे घर जमलेले असते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते. मग पुढे काही वर्षांनी तोच कागद कोर्टात समोर येतो.

आजचे बोलणे अशा कागदांबद्दल आहे. पण कोणी आपल्याला फसवून सही घेतली एवढेच आज सांगायचे नाही. आपण स्वतः कोर्टापुढे किंवा मानवी हक्क आयोगापुढे जातो तेव्हा आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्ट झाकून ठेवतो, त्याचे काय होते ते सांगायचे आहे. कारण ही चूक आम्ही केली आहे. आम्ही म्हणजे गटाचे काम पाहणाऱ्या आम्ही तिघीचौघी, बायकांना अर्ज लिहून देणाऱ्या.

आमच्या ग्रामसंघात एक काकी आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहोत. किनाऱ्याजवळ त्यांचे सासरचे घर, मागे माडांची बाग, सामाईक विहीर. नवरा वारून बरीच वर्षे झाली. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. देवबाग-तारकर्लीपासून सगळीकडे होमस्टे झाले, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, तशी किनाऱ्याजवळच्या घरांची किंमत वाढली. दिरांनीही घराच्या पुढच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या काढायचे ठरवले. एका सकाळी काकींच्या मागच्या खोलीला कुलूप आणि विहिरीच्या वाटेवर गडगा. सातबाऱ्यावरून काकींचे नाव आधीच गेलेले होते.

काकी आमच्याकडे रडत आल्या. आम्हालाही राग आला. कोणीतरी सुचवले की दिवाणी कोर्टात वर्षे जातात, त्यापेक्षा मुंबईला राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करा, फी लागत नाही, वकील लागत नाही. हे खरेच आहे. आम्ही त्याच रात्री अर्ज लिहायला बसलो.

त्या अर्जात आम्ही तीन गोष्टी चुकीच्या केल्या.

पहिली. चुलत दिरांनी मालवणच्या कोर्टात वाटपाचा दावा आधीच घातलेला होता आणि त्यात काकी प्रतिवादी होत्या. समन्स आले होते. काकींनी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते, "ती केस माझी नाय, त्यांची" म्हणून. आम्हाला दाव्याचे माहीत होते. पण कोणीतरी म्हणाले, केस चालू आहे असे लिहिले तर अर्ज घेणार नाहीत. आम्ही लिहिले, "कोणत्याही न्यायालयात प्रकरण प्रलंबित नाही."

दुसरी. पोलिसांनी काकींची तक्रार लिहून घेतली होती, दोघांना बोलावून समजही दिली होती. आम्ही लिहिले, "कोणीही दखल घेतली नाही." जोर यावा म्हणून.

तिसरी गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती. काही वर्षांपूर्वी दिरांनी वीजमीटर नावावर करायचा म्हणून काकींना तालुक्याला नेले होते. तिथे फोटो काढला, अंगठे घेतले, सह्या घेतल्या. तो कागद मीटरचा नव्हता, तो नोंदणी केलेले हक्कसोडपत्र होते. नवऱ्याच्या वाट्याचा सगळा हक्क काकींनी दिरांना सोडून दिला, असे त्यात लिहिले होते. पुढे मुलीच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी दिरांनी काकींना चाळीस हजार रुपये दिले. कागद कशाचा होता हे काकींना तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तेव्हा कळले. पण आपण पैसे घेतले ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली की त्यांनी ती कोणालाच सांगितली नाही. नंतर आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "सही मियाच केलंय, पैशेय मियाच घेतलंय. आता खयच्या तोंडान सांगतलंय?"

आयोगाने पोलिसांकडून अहवाल मागवला. अहवालात दाव्याचा नंबर आला, पोलिसांनी दिलेल्या समजेची नोंद आली, हक्कसोडपत्राची नक्कल आली. प्रकरण बंद झाले. तेवढ्यावर संपले असते तर एक अर्ज वाया गेला म्हटले असते. पण काकींनी जेव्हा वाटपाच्या दाव्यात कुलूप काढावे आणि वाट मोकळी करावी म्हणून तूर्तातूर्त हुकूम मागितला, तेव्हा दिरांच्या वकिलांनी आमचा तो अर्ज कोर्टापुढे ठेवला. "या बाई दुसरीकडे जाऊन 'केस नाही' असे लिहून देतात, नोंदणीचा दस्त लपवतात. यांच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा?" हुकूम मिळाला नाही. तो सगळा पावसाळा काकींनी शेजारणीच्या विहिरीचे पाणी भरले. खोलीला कुलूप दिरांनी लावले होते. पण ते तसेच राहिले ते आमच्या लिहिण्यामुळे.

मैत्रिणींनो, यातून आम्ही काय शिकलो ते आता एकेक करून सांगतो.

आधी आयोगाचे. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय आयोग झाला, राज्यांचे आयोग झाले. त्याच कायद्यात मानवी हक्क न्यायालयांचीही तरतूद आहे. ते काही वेगळे बांधलेले कोर्ट नसते. जिल्ह्याच्या सत्र न्यायालयालाच हे काम नेमून देता येते, आणि तिथे मानवी हक्क तुडवल्याचे गुन्हे चालतात. आयोगाचे मुख्य काम सरकारी माणसाने हक्क तुडवला, किंवा दुसरा तुडवत असताना त्याने हलगर्जी केली, याची चौकशी करणे. घर कोणाचे, वाटा किती, हे आयोग ठरवत नाही. राष्ट्रीय आयोगाच्या नियमांत मालमत्तेचे दिवाणी वाद आणि कोर्टात चालू असलेली प्रकरणे सहसा घेत नाहीत असे स्पष्ट लिहिलेले आहे. घटनेला एक वर्ष उलटून गेले तरी आयोगाला चौकशी करता येत नाही.

म्हणजे मालमत्ता हा मानवी हक्क नाही असे नव्हे. हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यातल्या एका विधवा बाईंची जमीन सरकारने १९६७-६८ च्या सुमारास रस्त्यासाठी घेतली. ना संपादनाची कारवाई, ना मोबदला. बाई निरक्षर. त्या कोर्टात आल्या तोवर चाळीसच्या वर वर्षे गेली होती. "इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून जमीन आमची," असे सरकार म्हणाले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मालमत्तेचा हक्क हा घटनेने दिलेला हक्क आहे, मानवी हक्कही आहे, आणि सरकारला तो असा हिरावता येत नाही, असे सांगून मोबदला द्यायला लावला. तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या त्या.

तर सरकारने जमीन घेतली, अधिकाऱ्याने जाणूनबुजून त्रास दिला, तर मानवी हक्काची गोष्ट. दिराने कुलूप लावले, भावाने नाव काढले, तर ती दिवाणी कोर्टाची गोष्ट. घरात मारहाण, हाकलून देणे असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. दार कोणते हे आधी नीट विचारावे. पण कुठल्याही दारी गेलो तरी एक नियम सगळीकडे सारखा आहे. जो न्याय मागतो त्याने सगळे सांगायचे. घरगुती हिंसाचाराच्या अर्जाच्या नमुन्यातच आधीच्या खटल्यांची माहिती द्यायचा रकाना आहे. दूर युरोपात स्ट्रासबर्गला मानवी हक्कांचे मोठे न्यायालय आहे, तिथेही जो अर्जदार प्रकरणाच्या मुळाशी असलेली माहिती कारण नसताना दडवतो, त्याचा अर्ज 'हक्काचा दुरुपयोग' म्हणून फेटाळतात.

आपल्या देशातली या विषयातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी केस तामिळनाडूची आहे, चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ. एका सावकाराच्या पदरी कारकून असलेल्या माणसाने कोर्टाच्या लिलावात मालकासाठी म्हणून मिळकत घेतली, आणि नंतर नोंदणी केलेल्या सोडपत्राने आपला हक्क मालकाला सोडून दिला. तरी पुढे त्याच मिळकतीत आपला वाटा आहे म्हणून त्याने वाटपाचा दावा घातला. सोडपत्राबद्दल एक शब्द काढला नाही. प्राथमिक हुकूमनामा त्याच्या बाजूने झालासुद्धा. समोरच्यांना सोडपत्राचे कळले ते नंतर. उच्च न्यायालयाचे म्हणणे असे होते की स्वतःच्या विरुद्धचा कागद स्वतःच आणून देण्याचे बंधन वादीवर नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मोडून काढले. खटल्याशी संबंध असलेला प्रत्येक कागद पक्षकाराने पुढे ठेवला पाहिजे, दडवून मिळवलेला निकाल हा फसवणुकीने मिळवलेला निकाल, आणि तो शून्य समजायचा. जिंकलेली केससुद्धा हातची गेली.

दुसरी केस आपल्या महाराष्ट्रातली. नाशिकच्या कर्मवीर काकासाहेब वाघ शिक्षण संस्थेविरुद्धचा एक मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१२ मध्ये निकाल लागला. अर्ज करणाऱ्यांनी आधी झालेला एक हुकूम सरळ सांगितला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की जोडलेल्या दुसऱ्या एका हुकुमात त्याचा उल्लेख आहे की. न्यायालय म्हणाले, कुठेतरी उल्लेख असणे पुरेसे नाही. आणि कोणती गोष्ट महत्त्वाची, कोणती नाही, हे पक्षकाराने ठरवायचे नसते. त्याने सगळे सांगायचे, ठरवण्याचे काम कोर्टावर सोडायचे. अपील ऐकायलाही न्यायालयाने नकार दिला.

आम्ही काकींच्या अर्जात नेमके हेच केले होते. काय लिहायचे, काय गाळायचे, ते आम्हीच ठरवले.

तिसरी केस आपल्या शेजारची, गोव्याची, आणि बहीण-भावाची. म्हणून ती जास्त लक्षात ठेवण्यासारखी. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस या बहिणीचे घर. भाऊ इरास्मो सिक्वेरा. बहिणीचे म्हणणे असे की घर माझे, भाऊ तिथे फक्त राखणदार म्हणून होता. भावाने दावा घातला की माझा ताबा बेकायदा काढून घेतला, तो परत द्या. खालच्या कोर्टात भाऊ जिंकला, उच्च न्यायालयातही निकाल बदलला नाही. २१ मार्च २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल दिला. राखणदार, नोकर, नातेवाईक म्हणून कोणी कितीही वर्षे राहिला तरी तेवढ्याने घर त्याचे होत नाही. तो मालकाच्या वतीने राहतो, मालकाने मागितले की ताबा द्यायचा.

त्या निकालात न्यायालयाने एक यादीच दिली आहे. जो कोणी म्हणतो की हे घर, ही जमीन माझ्या ताब्यात आहे, त्याने सांगायचे: मालक कोण? मालकीचे कागद कोणाकडे आहेत? तू कधीपासून आत आलास? कसा आलास, विकत घेऊन, वारसाने, बक्षीस म्हणून, भाड्याने, की नुसते राहा म्हटले म्हणून? किती पैसे दिलेस? तुझ्याबरोबर आणखी कोण राहते, कोणत्या नात्याने? आणि आता ताबा का देत नाहीस? नुसते "माझाच ताबा" म्हणून चालायचे नाही.

आपल्या गावात निम्मी घरे अशीच आहेत. मालक मुंबईला, घर सांभाळायला पुतण्या किंवा भावजय. कुठे विधवा बहीण राहते, कुठे कूळ राहते. उद्या वाद झाला तर हे प्रश्न दोन्ही बाजूंना विचारले जाणार. म्हणून उत्तरे आजच, प्रेम असताना, लिहून ठेवलेली बरी.

आता दुसरी बाजू. आम्ही बायकांनाच लपवू नका म्हणून सांगतो आहोत, पण खरे पाहिले तर सगळ्यात जास्त लपवले जाते ते बायकांबद्दलच. वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे वंशावळ द्यायची असते, प्रतिज्ञापत्रावर. त्यात भावांची नावे येतात आणि बहिणी जणू जन्मालाच आल्या नाहीत. "ती दिलेली मुलगी, तिचे कशाला नाव?" दाव्यात पक्षकार करतानाही बहिणींना वगळतात. आपल्याकडे १९९४ पासून आणि सगळ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मापासून हक्क आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही. मग ज्या प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव गाळले, ते खोटे प्रतिज्ञापत्र. आपण ते दाखवून देऊ शकतो.

कोणी अर्धवट गोष्ट सांगून आपल्या पाठीमागे मनाई हुकूम आणला असेल तर त्यालाही उपाय आहे. समोरच्याला नोटीस न देता असा हुकूम घेतला आणि महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे सांगितले असेल, तर तो हुकूम रद्द करायला दिवाणी कायदाच सांगतो. असा हुकूम कोणी आणेल अशी आधीच शंका असेल तर कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवता येते. ते नव्वद दिवस चालते, तोवर आपले म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये म्हणून. आणि कोर्टात शपथेवर खोटा पुरावा देणे हा गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण समोरच्याने दडवले हे दाखवायचे असेल तर आधी आपल्या डब्यातला कागद बाहेर हवा. दोघांनीही लपवले तर कोर्टाने कोणावर विश्वास ठेवायचा?

काकींचे पुढे काय झाले ते सांगतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांना वकील मिळाल्या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न किती हे बघत नाहीत. ओरोसला जिल्ह्याचे प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. त्या वकीलबाईंनी सगळे कागद वाचले आणि विचारले, "आणखी काय आहे?" काकी गप्प. पुन्हा विचारले. मग त्यांनी सांगितले की अशील वकिलाला जे सांगते ते वकिलाने गुप्त ठेवायचे असते, तसा कायदाच आहे. तेव्हा काकींनी चाळीस हजारांचे सांगितले.

वकीलबाई म्हणाल्या, "काकी, हे तर मला सगळ्यात आधी हवे होते."

का हवे होते? कारण पूर्ण गोष्ट सांगितली की त्याच कागदाचा अर्थ बदलतो. मीटरसाठी म्हणून नेले, वाचून दाखवले नाही, त्या वेळी पैसा दिला नाही, पुढे दिला तो मुलीच्या प्रवेशाला मदत म्हणून दिला, आणि कागद हक्कसोडाचा आहे हे नोटीस आल्यावर कळले. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. काकींची ती मुदत संपायला थोडेच महिने उरले होते. आणखी एक वर्ष लाजेने गप्प राहिल्या असत्या तर खरे असूनही बोलता आले नसते.

मग कैफियत दुरुस्त करून दिली. त्यात सही केल्याचे लिहिले, पैसे घेतल्याचे लिहिले, तो हिशोबात धरायला तयार आहे असेही लिहिले. आयोगाकडच्या अर्जात चूक झाली, ती का झाली, हेही लिहिले. ते वाक्य लिहिताना आम्हाला खाली बघावे लागले. आता दिरांच्या वकिलांकडे अचानक काढून दाखवायला काही उरले नव्हते. उलटतपासणीत विचारले, "पैसे घेतले की नाही?" काकी म्हणाल्या, "घेतले. कागदात लिवलाच आसा."

दावा अजून चालू आहे. विहिरीची वाट मोकळी करायचा हुकूम मिळाला. खोलीचे कुलूप अजून आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण काकी आता तारखेला जाताना घाबरत नाहीत.

एक गोष्ट आम्हाला यातून नीट कळली. अडचणीची गोष्ट आपल्या तोंडून आली तर तो खुलासा होतो. तीच समोरच्याच्या तोंडून आली तर ती लबाडी ठरते. गोष्ट तीच, कागद तोच.

पण सगळे सांगायचे म्हणजे घरातले सगळे चव्हाट्यावर आणायचे असे नाही. जावेचे भांडण, सुनेचा स्वभाव, कोण कोणाशी बोलत नाही, याचा मिळकतीशी संबंध नसेल तर त्याची गरज नाही. ज्या गोष्टीने निकाल बदलू शकतो ती सांगायची. आणि ती कोणती हे आपल्याला कळत नसेल तर वकिलाला सगळे सांगावे, निवड त्यांनी करावी.

आता आमच्या ग्रामसंघात कोणाचाही अर्ज लिहिण्याआधी आम्ही काही प्रश्न विचारतो. ते लिहून घ्या, गटाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर चिकटवा.

एक, या घराबद्दल किंवा जमिनीबद्दल कोणत्याही कोर्टात, तहसीलदाराकडे, प्रांताकडे काही चालू आहे का, किंवा पूर्वी होऊन गेले आहे का? तुम्ही स्वतः घातलेले नसले तरी सांगा.

दोन, कधी कोणत्या कागदावर सही किंवा अंगठा दिला आहे का? हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, संमतीपत्र, बक्षीसपत्र, नुसता स्टॅम्पपेपर?

तीन, या मिळकतीबद्दल कोणाकडून पैसे, दागिना, लग्नाचा खर्च, काही घेतले आहे का?

चार, वंशावळीत कोण राहिले आहे का? नणंदा, सवत, दत्तक, वारलेल्या दिराची मुले?

पाच, पोलिसांत, पंचायतीत, तंटामुक्त समितीत तडजोड झाली होती का? तिचा कागद कुठे आहे?

सहा, अशी कोणती गोष्ट आहे जी समोरच्याने सांगितली तर तुम्हाला वाईट वाटेल?

सहावा प्रश्न आम्ही शेवटी विचारतो, आणि विचारताना बाकीच्या जणी उठून चहा करायला जातात. एकटीने एकटीला विचारायचा तो प्रश्न आहे.

त्याचबरोबर कागद काढायला सांगतो. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन दिसतो. पण तेवढ्यावर थांबू नका, जुने फेरफार काढा, नाव कधी आणि कोणत्या कागदाने गेले ते फेरफारात कळते. दस्त नोंदला गेला आहे का हे दुय्यम निबंधक कार्यालयात सूची दोन पाहून कळते. कोर्टात केस आहे का हे ई-कोर्ट्सच्या अॅपवर नावाने शोधता येते. गटातल्या कॉलेजच्या मुली हे दहा मिनिटांत करतात. समन्स आले तर ते बिस्किटाच्या डब्यात नको, त्याच आठवड्यात तालुका समितीत दाखवायचे.

आणि चतुर्थीत कोणी कागद पुढे केला तर रागावू नका, भांडू नका. म्हणा, "भावोजी, पाच दिवस देवाचे आहेत. नक्कल ठेवून जा, वाचून घेते, मग सांगते." ज्याच्या मनात काही नाही तो नक्कल देईल. जो देणार नाही, त्याच्या कागदावर सही न केलेली बरी.

काल काकींना सांगितले की रेडिओवर तुमची गोष्ट सांगणार आहोत. वाटले, नको म्हणतील. म्हणाल्या, "सांग गो बाय. पण पैशाचा पण सांग हां. नायतर अर्धाच सांगलंस म्हणतीत."

म्हणून पैशाचेही सांगितले. नमस्कार.